घुबडांची नोंद कोण ठेवणार?

खास प्रतिनिधी, कल्याण

वैशाखातील बुद्धपौर्णिमा जवळ आली की ठाणे जिल्ह्यातील निसर्गप्रेमींची धावपळ सुरू होते. तानसा अभयारण्यात आणि येऊरच्या जंगलात पाणवठ्यांलगत उभारलेल्या मचाणांवर रात्र काढण्यासाठी वन खात्याकडे नावे नोंदविली जातात. कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून नोकरदार, महाविद्यालयीन विद्यार्थी, कधी निवृत्त मंडळीही त्यासाठी रजा टाकून येतात. चांदण्यात पाण्यावर उतरणारे सांबर, भेकर, रानडुक्कर आणि नशिबात असला तर बिबट्या यांची नोंद कागदावर होते व एक-दोन दिवसांत वृत्तपत्रांतून आकडे झळकतात. अलीकडे खाते या उपक्रमाला 'प्रगणना' म्हणण्याऐवजी 'निसर्गानुभव' म्हणू लागले आहे. बिबट्यांची मोजणी आता स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साह्याने होते. तेव्हा मचाणावरच्या रात्रीचे मोल शास्त्रीय कमी आणि अनुभवाचे अधिक, हे खात्याने या नावातून प्रांजळपणे मान्य केले आहे असे म्हणावे लागेल.

त्याच रात्री मचाणाच्या आजूबाजूला घुबडे बोलत असतात. कोणी घुमते, कोणी चिरकते, कोणी थरथरत्या स्वरात हाक देऊन गप्प होते. ती कोणती, किती आणि गेल्या वर्षी याच ठिकाणी होती की नव्हती, हे सांगता येईल अशी नोंद सहसा होत नाही. झालीच तर 'घुबड - एक' एवढीच. आवाजाच्या धन्याचे नाव माहीत नसते आणि स्वयंसेवकाचे डोळे पाण्याकडे लागलेले असतात.

वरवर पाहता ही फार मोठी उणीव वाटणार नाही. एखाद्या पक्ष्याची मोजणी राहून गेली तर काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु जंगल, रस्ते, धरणे आणि झाडे यांविषयीचे निर्णय आता फायलींवर होतात आणि ज्या पक्ष्याची नोंद नाही तो फायलीपुरता अस्तित्वातच नसतो. ठाणे जिल्ह्यात ही गोष्ट केवळ तात्त्विक राहिलेली नाही.

एकशे तेरा वर्षांची चुकामूक

महाराष्ट्राच्या वन्यजीवनाच्या इतिहासात रानपिंगळ्याची कथा सर्वपरिचित आहे. मात्र तिच्यातील नोंदींचा भाग फारसा सांगितला जात नाही. आजच्या छत्तीसगडच्या परिसरात एफ. आर. ब्लुइट या अधिकाऱ्याला १८७२ मध्ये हा पक्षी मिळाला. पुढल्याच वर्षी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लुइट यांचे नाव दिले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेले ह्यूम ते हेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात या पक्ष्याचे आणखी काही नमुने गोळा केले. त्यांपैकी शेवटचा १८८४ चा. पुढे हा पक्षी दिसेनासा झाला.

दिसेनासा झाला, पण कागदावर मात्र आणखी एकदा 'दिसला'. रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन या इंग्रज कर्नलने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे आपण रानपिंगळा मिळविल्याचे नोंदवून ठेवले होते. माइनर्ट्‌झहेगन यांचे नाव मोठे असल्याने ही नोंद प्रमाण मानली गेली. ज्यांनी ज्यांनी शोध घेतला त्यांच्यापुढे हा पुरावा होता. सलीम अली आणि अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांनीही प्रयत्न केले, यश आले नाही. अमेरिकेतील पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील जुने नमुने बारकाईने तपासले तेव्हा उलगडा झाला. कर्नलसाहेबांचा तो नमुना वास्तविक डेव्हिडसन यांनीच गोळा केलेला होता. तो संग्रहालयातून लांबवून, नव्याने शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती.

ही खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोधाची दिशा पालटली. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह रासमुसेन १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात आल्या, जुन्या खऱ्या ठिकाणांच्या आसपास फिरल्या आणि २५ नोव्हेंबर रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षे नाहीसा मानलेला पक्षी भरदिवसा समोर बसला होता. नामशेष झाला तो पक्षी नव्हता, माहिती होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आणि पुण्यातील संशोधकांनी तोरणमाळ, यावल, मेळघाट येथे पद्धतशीर पाहण्या केल्या. एक-एक जोडी, एक-एक घरटे नोंदले गेले. त्या पाहण्यांमुळेच या पक्ष्याविषयीचे चित्र स्पष्ट झाले आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' असा एक पायरी सुधारला. जगातील प्रौढ रानपिंगळ्यांची संख्या हजाराच्या आतच धरली जाते. ते सर्व मध्य भारतातील आणि महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवरील जंगलांत विखुरलेले आहेत. जगात दुसरीकडे कोठेही हा पक्षी नाही.

या कथेचा पुढचा अध्याय कल्याणपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर घडला. शहापूर व वाडा तालुक्यांत पसरलेल्या तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये रानपिंगळा आढळला. सातपुड्यापासून एवढ्या दूर, मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तलावाच्या काठच्या सागवानी रानात तो असेल अशी कोणाला कल्पना नव्हती. त्यानंतर तेथे तो पुनःपुन्हा पाहण्यात आला आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ ची, मुंबईतील. तिच्या दारापासून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या रानात हा पक्षी २०१४ पर्यंत कोणाच्या नोंदवहीत शिरला नव्हता. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र जिल्ह्यातील जंगल आपल्याला किती थोडे माहीत आहे, याची याहून बोलकी साक्ष मिळणे कठीण.

फायलीतील मोकळी जागा

आता या जंगलावर काय काय येऊ घातले आहे ते पाहू. मुंबईची तहान भागविण्यासाठी वाडा तालुक्यातील गारगाई नदीवर धरण बांधण्याची मुंबई महापालिकेची योजना आहे. त्यातून दिवसाला ४४ कोटी लिटर पाणी मिळेल असा हिशेब आहे. या धरणाच्या जलाशयात तानसा अभयारण्याचा काही भाग बुडणार आहे. मुंबईला पाणी हवे हे खरे आणि त्यासाठी जंगल द्यावे की समुद्राचे पाणी गोडे करावे, हा वाद जुना आहे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की बुडणाऱ्या रानात नेमके कोण राहते, हे सांगणारी वर्षानुवर्षांची नोंद कोणाकडे आहे? अशा प्रकल्पांसाठी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार केला जातो. तो तयार करणारी मंडळी ठराविक मुदतीत, ठराविक दिवस जंगलात फिरतात. दिसेल ते लिहितात. रात्री अडीच वाजता डोंगराच्या कुशीतून कोणते घुबड हाक देते हे एका ऋतूच्या पाहणीत समजत नाही.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून येतो. जमिनीलगत, गवतावरून संथ उडत उंदीर शोधणाऱ्या गव्हाणी घुबडाला वेगवान रस्ता किती घातक ठरतो, हे युरोप-अमेरिकेत पूर्वीच दिसून आले आहे. रस्त्याकडेच्या गवतात उंदीर भरपूर, म्हणून घुबड येते आणि वाहनाच्या धडकेत मरते. शहापूरच्या पट्ट्यात असे किती पक्षी मरतात, वाढते आहे की कमी होते आहे, याचे उत्तर देण्यासाठी रस्ता होण्यापूर्वीची गणना हवी होती. ती वेळ निघून गेली. आताची तरी व्हावी.

जंगलाचे सोडा, खुद्द कल्याण शहराची कथा निराळी नाही. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, गोदामांच्या छपरांखाली, इमारतींच्या डक्टमध्ये गव्हाणी घुबडे राहतात. पिंगळे उंबर, आंबा, गुलमोहराच्या ढोलीत संसार थाटतात. संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून किचकिचाट करणारी पिंगळ्याची जोडी ज्याने पाहिली नाही असा जुना कल्याणकर विरळा. महानगरपालिकेला दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे कायद्याने बंधनकारक आहे. या गणनेत झाडाची जात, बुंध्याचा घेर, उंची, प्रकृती यांची नोंद होते. झाडाला ढोली आहे का आणि तिच्यात कोणी राहते का, हा रकाना नसतो. उलट ढोली पडलेले झाड 'धोकादायक' ठरते व पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत आधी तेच जाते. घुबडांना स्वतः ढोली कोरता येत नाही. जुने झाड गेले की घर गेले. नव्याने लावलेल्या रोपट्याला ढोली पडायला पन्नास वर्षे लागतील, तोवर त्या पिंगळ्याने काय करावे याचे उत्तर वृक्षारोपणाच्या आकड्यांत सापडत नाही.

देशपातळीवरही घुबडांबाबत हीच अडचण आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला होता. सामान्य माणसांनी हौसेने केलेल्या नोंदींतून एवढे मोठे काम उभे राहावे, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही विचारात घेतलेल्या ९४२ जातींपैकी दीर्घकालीन कल सांगता आला तो केवळ ३३८ जातींबाबत; त्यांपैकी ६० टक्के घटल्याचे दिसले. उरलेल्यांविषयी पुरेसा पुरावाच नव्हता. पक्षीनिरीक्षकाची फेरी पहाटे सुरू होते आणि ऊन चढले की चहाच्या टपरीवर संपते. जे पक्षी त्या वेळी झोपी गेलेले असतात त्यांच्या वाट्याला कोरी पाने यावीत, यात नवल नाही.

गच्चीवरची वीस मिनिटे

परदेशात या कामासाठी स्वयंसेवकांचा वापर कसा झाला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. ब्रिटनमधील पक्षीशास्त्रविषयक न्यासाने २०१८ च्या शरद ऋतूपासून २०१९ च्या वसंतापर्यंत तेथील टॉनी या घुबडाच्या हाका ऐकण्याची मोहीम राबविली. लोकांकडून मागितले होते ते अगदी थोडके. आठवड्यातून एकदा, सूर्यास्त ते मध्यरात्र यांमधील कोणतीही वीस मिनिटे घराच्या अंगणात किंवा खिडकीशी उभे राहायचे आणि हाक ऐकू आली की नाही ते कळवायचे. जंगलात जायचे नाही, दुर्बीण नको, पक्ष्यांचे ज्ञानही बेताचेच हवे. 'ऐकू आली नाही' हे उत्तर तितकेच महत्त्वाचे, असे आयोजकांनी आवर्जून सांगितले होते. कॅनडात ओंटारिओ प्रांतात १९९५ पासून स्वयंसेवक दर वसंतात ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या थांब्यांवर मोटार उभी करून घुबडे ऐकतात. मार्ग तोच, थांबे तेच, माणसे मात्र बदलत राहतात. त्यामुळे आकड्यांची तुलना करता येते.

या पद्धतीचे मर्म नेमके येथे आहे. एका रात्री पन्नास घुबडे मोजली, ही बातमी होते. त्याच बारा ठिकाणी, वर्षातून चार वेळा, सलग सात-आठ वर्षे ऐकले आणि पाचव्या वर्षापासून तीन ठिकाणे गप्प झाली, हा पुरावा होतो. बातमीसाठी एक रात्र पुरते. पुराव्यासाठी कंटाळा सोसावा लागतो. आपल्याकडे निसर्गप्रेम पुष्कळ आहे. कंटाळा सोसण्याची तयारी किती आहे, हे अजून कोणी तपासून पाहिलेले नाही.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने सुरुवात करावी. एकमेकांपासून किमान अर्धा किलोमीटर अंतरावर थांबे ठरवावेत, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही. थांब्यावर पोहोचल्यावर मिनिटभर स्वस्थ उभे राहावे, आपल्या पावलांनी गप्प झालेले रान पुन्हा बोलते होते. नंतर पाच ते दहा मिनिटे ऐकावे. दिशा, अंदाजे अंतर, वेळ, चंद्र, वारा, आवाजाचे स्वरूप लिहावे. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर त्या रात्रीचा नाद सोडावा. आता खिशातील भ्रमणध्वनीवर आवाज मुद्रित करता येतो, तेव्हा ओळख पटली नाही तरी नोंद वाया जात नाही. जाणकाराला नंतर ऐकविता येते. पिंगळ्याचा किचकिचाट, गव्हाणी घुबडाचे घशातून येणारे कर्कश चिरकणे आणि वनघुबडाची कापऱ्या स्वरातली हाक, एवढे तीन आवाज ओळखू आले तरी कल्याण परिसरात कामाला सुरुवात होऊ शकेल.

शहरात तर याहून सोपे. गांधारी पुलाच्या बाजूची, टिटवाळ्याकडची, मलंगगडाच्या वाटेवरची नवी गृहसंकुले उंच आहेत आणि त्यांच्या गच्च्या रिकाम्या असतात. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे गच्चीवर उभे राहणारी दोनशे कुटुंबे मिळाली तर उल्हास आणि काळू नद्यांच्या काठचे चित्र दोन हिवाळ्यांत हाती येईल. अडथळा आहे तो गोंगाटाचा. रेल्वे, भोंगे, लग्नाचे बँड यांत पिंगळा तग धरतो. मृदू आवाजाची घुबडे ऐकूच येत नाहीत. म्हणजे 'नाही' या उत्तराचा अर्थ 'घुबड नाही' की 'ऐकू आले नाही', हा पेच उरतोच. एकाच जागी वारंवार ऐकल्याने तो बराचसा सुटतो. पहाटे चारच्या सुमारास शहर जरा शांत असते, ही वेळही वापरून पाहण्याजोगी आहे.

पहाटेच्या या वेळी पिंगळ्याचे बोलणे ऐकणारा माणूस आपल्या गावगाड्यात पूर्वी होताच. हातात कंदील, खांद्याला झोळी आणि कुडमुडे वाजवीत दारोदार फिरणारा पिंगळा जोशी. झाडावर बसून पक्ष्याची भाषा समजून घेतो आणि त्यावरून भविष्य सांगतो, अशी त्याची ख्याती. भविष्याचे राहू द्या, परंतु कोणत्या गावच्या कोणत्या झाडावर पिंगळा बसतो याची माहिती त्या फिरस्त्याइतकी आज जिल्ह्यातील कोणत्याही कार्यालयात नसेल.

उत्साहाचा धोका

स्वयंसेवकांना रात्री रानात सोडण्यात धोकेही आहेत, ते लपविण्यात अर्थ नाही. पहिला धोका घुबडांनाच. ध्वनिमुद्रित हाक वाजवून घुबडाला उत्तर देण्यास भाग पाडणे ही संशोधनातील मान्य पद्धत आहे. तिला नियम आहेत, मर्यादा आहेत. छायाचित्रासाठी तीच युक्ती हौशी मंडळी वापरू लागली की पक्षी आपल्या हद्दीत परका शिरला असे समजून बेचैन होतो, शिकार सोडून झुंजायला येतो, घरटे उघडे पडते. त्यावर प्रखर विजेरीचा झोत. तानशाचा रानपिंगळा ठाऊक झाल्यापासून छायाचित्रकारांचा ओघ तिकडे वळला आहे. त्यांतील अनेकजण जबाबदारीने वागतात. सगळेच वागतात असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

दुसरा धोका नोंदींच्या गवगव्याचा. घुबड म्हणजे लक्ष्मीचे वाहन, आणि म्हणूनच दिवाळीच्या अमावास्येला त्याचा बळी दिल्यास धन मिळते, अशी अघोरी समजूत अजून मेलेली नाही. ट्रॅफिक या वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील तीस जातींपैकी पंधरा जातींची घुबडे बाजारात विकली जात असल्याचे नमूद केले होते. मांडूळ आणि घुबड यांच्या चोरट्या विक्रीच्या बातम्या ठाणे-कल्याण पट्ट्याला नव्या नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, सुधारणांसह तो १ एप्रिल २०२३ पासून अधिक कडक झाला, घुबड पकडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. परंतु कायदा रात्री झाडाखाली उभा नसतो. अशा स्थितीत सर्वेक्षणात सापडलेल्या ढोलीचा नेमका पत्ता आणि छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे चोराला दार दाखविणे होय. नोंदी कोणाकडे जमा होतील, कोणाला दिसतील आणि जागेचा तपशील किती ढोबळ ठेवायचा, हे पहिल्या फेरीपूर्वी ठरायला हवे.

तिसरा प्रश्न माणसांच्या सुरक्षेचा. येऊर, बारवी, तानसा या भागांत बिबट्या आहे, फुरसे आणि मण्यार आहेत. अभयारण्यात सूर्यास्तानंतर विनापरवाना थांबता येत नाही आणि ते योग्यच आहे. वनरक्षकांची संख्या मर्यादित. हौशी मंडळींना सांभाळण्यासाठी त्यातला एक माणूस रात्रभर अडकला तर गस्तीचे काय, असा प्रश्न एखाद्या वनाधिकाऱ्याने विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्यावर उपाय आहे, मात्र तो फुकटचा नाही. तानशाच्या परिसरातील वारली, ठाकूर, कातकरी आणि मल्हार कोळी पाड्यांवरील माणसांना रात्रीचे रान घरच्यासारखे ठाऊक असते. कोणता आवाज कोणत्या नाल्यातून येतो हे त्यांना विचारावे. परंतु शहरातून आलेला तो 'स्वयंसेवक' आणि पाड्यावरचा तो 'वाटाड्या', अहवालावर नाव पहिल्याचे आणि रात्रीचे जागरण दोघांचे, असा प्रकार होता कामा नये. पगारदार माणूस एक रात्र विनामूल्य देऊ शकतो. ज्याची दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडणार, त्याला मोबदला आणि श्रेय दोन्ही मिळाले पाहिजे. सर्वेक्षणाच्या खर्चात हा पहिला आकडा असावा.

भीतीचा भाग यापुढचा. घुबडाला दगड मारला तर तो दगड घेऊन झिजवीत बसते, दगड झिजेल तसा माणूस झिजतो, हे आजीच्या तोंडून ऐकलेले वाक्य आजही पुष्कळांच्या मनात आहे. गंमत अशी, की या भीतीने काही घुबडांचे दगडांपासून रक्षणच केले असावे. पण घराच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची पिल्ले आढळली की तीच भीती त्यांच्या जिवावर उठते. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे पुण्याच्या इला फाउंडेशनने २०१८ च्या नोव्हेंबरअखेर घुबडांचा महोत्सव भरविला. शाळकरी मुले, चित्रे, मुखवटे, गाणी असे त्याचे स्वरूप होते. पुढल्या वर्षी त्याच सुमारास पुण्यात जागतिक घुबड परिषद झाली आणि देशोदेशींचे अभ्यासक येथे आले. व्याख्यानांनी न जाणारी भीती पिंगोरीत जत्रेने कमी करण्याचा प्रयत्न झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ठाणे जिल्ह्यात असा प्रयत्न गच्चीवरच्या वीस मिनिटांतूनही होऊ शकतो. ज्याची हाक दर शनिवारी वहीत लिहायची, त्याला अपशकुनी म्हणणे मुलांना जड जाईल.

वन खात्याने यासाठी नवी योजना आखण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. बुद्धपौर्णिमेची यंत्रणा तयार आहे. मचाणे आहेत, नावे नोंदविण्याची पद्धत आहे, वनरक्षक आहेत, तक्ता आहे. त्या तक्त्यात घुबडांच्या हाकांसाठी एक रकाना आणि मचाणावर चढण्यापूर्वी अर्ध्या तासाचे आवाजांचे प्रशिक्षण, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. मात्र वैशाख ही घुबडे ऐकण्याची सर्वोत्तम वेळ नव्हे. अनेक जातींची घुबडे हिवाळ्यात, विणीच्या तोंडावर, अधिक बोलतात. तेव्हा उन्हाळ्यातील ती एक रात्र आणि मार्गशीर्ष-पौषातील दोन-तीन रात्री अशी जोड द्यावी लागेल. महापालिकेनेही पुढील वृक्षगणनेत ढोलीचा रकाना वाढवावा. त्याला खर्च जवळजवळ नाही.

रात्रीच्या या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र हाती लागणार नाही. जिल्ह्यातील सर्वांत दुर्मीळ घुबड रात्रीच्या मोजणीत जवळपास येणारच नाही, कारण रानपिंगळा हा दिवसाचा पक्षी आहे. तो उजेडात शिकार करतो, सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसतो, शेपटी झटकतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले. ऑक्टोबरपासून त्याच्या विणीचा काळ सुरू होतो. त्याची नोंद ठेवू इच्छिणाऱ्यांनी रात्रीची नव्हे, कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी पहाटेची लोकल पकडावी आणि आटगावला उतरावे. अभयारण्याची परवानगी आधी काढलेली असावी.